बैलाच्या सवयी पागेबाहेर ठेवा: घोड्याजवळ सुरक्षित वावरायचं कसं

विदर्भातल्या खेड्यात घोड्याजवळ जाणारा माणूस सहसा अगदी कोरा नसतो. त्यानं लहानपणापासून बैल धुतलेले असतात, पोळ्याला शिंगं रंगवलेली असतात, बंडी हाकलेली असते. अडचण तिथंच आहे. जनावराची भीती गेलेली असते, हात सरावलेला असतो, पण तो सराव बैलाचा असतो. कासरा मनगटाला गुंडाळणं, मागून जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारणं, दावं पक्क्या गाठीनं खुंट्याला आवळणं, चारा टाकायला दोन जनावरांच्या मधून घुसणं. गोठ्यात हे सगळं खपतं. पागेत यातली एकेक सवय हाड मोडू शकते. शहरातून आलेला नवशिका निदान घाबरून चार पावलं दूर तरी उभा राहतो.

बैलाला बिथरल्यावर शिंगांचा आधार असतो. घोड्याकडे शिंगं नाहीत, पळ हाच त्याचा पहिला उपाय. पळायला वाट मिळाली नाही तर लाथ, आणि तोंडासमोर कुणी असेल तर चावा. रपेटीचा घोडा साधारण साडेतीनशे ते पाचशे किलोंचा असतो आणि तो आधी उडी मारतो, कशाला घाबरलो ते नंतर बघतो. पागेतल्या बऱ्याच इजा डूख धरणाऱ्या घोड्यामुळे होत नाहीत. घोडा पळत असतो आणि माणूस त्याच्या वाटेत उभा असतो, इतकंच.

त्याला कुठलं दिसत नाही

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास ३५० अंशांचं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच: शेपटीच्या सरळ मागची पट्टी, आणि पुढं कपाळासमोरचा व नाकाखालचा भाग. म्हणून समोरून येऊन थेट कपाळावर हात नेला की घोडा मान झटकतो. हात जवळ येतो आणि मधेच दिसेनासा होतो. मागून आलेला माणूस तर त्याच्या लेखी नसतोच, एकदम अंगाला हात लागतो तेवढाच.

कान वाचायला शिका. टवकारून पुढं केलेले कान म्हणजे त्या दिशेला काहीतरी आहे. बाजूला सैल पडलेले म्हणजे घोडा पेंगतोय. मानेला चिकटवून मागं दाबलेले म्हणजे इशारा. आपल्याकडं काठेवाडी आणि मारवाडी रक्ताचे घोडे बरेच दिसतात. त्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना लागतात आणि ते खूप फिरतात, त्यामुळे नवीन माणसाचा घोटाळा होतो. कानाचा आकार बघू नका, कानाची पोकळ बाजू कुठं वळली आहे ते बघा. मागं वळलेला कान फक्त मागचं ऐकत असू शकतो. पण कान मानेवर चपटे झाले, नाकपुड्या आवळल्या आणि शेपटी सपासप हलू लागली की दोन पावलं बाजूला व्हा.

मागचा एक पाय दुमडून खुराच्या टोकावर टेकवलेला दिसला तर तो आरामही असतो आणि लाथेची तयारीही. खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धवट मिटलेत, म्हणजे घोडा उभ्या उभ्या झोपलाय. अशा वेळी तो सगळ्यात सहज दचकतो, आधी आवाज द्या. तोच पाय, पण कान मागं आणि पुठ्ठा तुमच्याकडे वळतोय, तर तिथून निघा.

जवळ जाणं आणि मागून जाणं

तीन-चार मीटरवरून बोलत जा. घोड्याचं नाव घ्या, नाहीतर नुसतं "हो बेटा, हो" म्हणा, आवाज एकसारखा हवा. डाव्या खांद्याच्या रोखानं तिरपं चालत या आणि पहिला हात खांद्यावर किंवा मानेच्या बुडाशी ठेवा. घोड्यांना डावीकडून हाताळायची पद्धत असते, बहुतेक घोडे त्याच बाजूला सरावलेले असतात.

एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचं असेल तर दोनच वाटा आहेत. एक म्हणजे इतक्या दुरून की लाथ पोचणार नाही, तीन मीटर तरी. दुसरी म्हणजे अंगाला चिकटून: एक हात पुठ्ठ्यावर टेकवलेला, बोलत बोलत, शेपटीजवळून. चिकटून असलात तर पायाला झोका घ्यायला जागाच मिळत नाही, लाथ बसली तरी ढकलल्यासारखी बसते. सगळ्यात वाईट जागा या दोन्हींच्या मधली, एक-दीड मीटरची. पाय तिथं पूर्ण ताकदीनं सुटतो. बैलामागं उभं राहून गप्पा मारायचं अंतर नेमकं हेच असतं!

अगाडी-पिछाडी घातलेला, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून खुंट्यांना बांधलेला घोडा सुरक्षित, हा समज अर्धाच खरा. पिछाडीला जितकी ढील तितकी लाथ शिल्लक असते, आणि खुंटा ओल्या काळ्या मातीत ठोकलेला असेल तर तो उपटून येतो. पिछाडी बांधलेली असली तरी अंतर तेच ठेवा. पोटाखालून किंवा मानेखालून वाकून पलीकडे जाणं तर पूर्ण बंद. माशा उठल्या की घोडा मागचा पाय पुढं घेऊन स्वतःच्या पोटावर मारतो, तुमचं डोकं त्याच रेषेत येतं.

बांधणं

या एका कामात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

बांधायचं ते मोरखीला, म्हणजे तोंडात लोखंड नसलेल्या डोक्यावरच्या साजाला. लगामाला कधीही नाही. लगाम लावून बांधलेला घोडा बुजून मागं सरला की तोंडातल्या लोखंडानं जीभ, जबडा फाटतो, आणि दुखण्यानं तो आणखी ओढतो. दोर सुताचा, अंगठ्याएवढा जाड, अडीच-तीन मीटर लांब. गावात ढोरांना वापरतात ते बारीक नायलॉनचं दावं इथं नको. ते ओढलं गेलं की तळहात कापल्यासारखा भाजतो.

बांधायची जागा घोड्याच्या पाठीइतकी उंच, म्हणजे तुमच्या छाती-खांद्याच्या पातळीला. खाली बांधलात तर घोडा दोरावरून पाय टाकून अडकतो. कडं आणि मोरखी यांच्यात दीड ते दोन फूट दोर ठेवा. कडं भिंतीत किंवा पुरलेल्या खांबात पक्कं हवं. फाटक, बंडीचं चाक, मोटरसायकल, पत्र्याच्या शेडचा सुटा पाइप, यांना बांधू नका. घोड्यानं मागं ओढलं की ती वस्तू त्याच्यामागं येते, त्याला वाटतं काहीतरी पाठलाग करतंय आणि तो चौखूर उधळतो.

कड्यात आधी सुतळीचा एक फेरा बांधा आणि दोर कड्याला न बांधता त्या सुतळीला बांधा. घोडा जिवाच्या आकांतानं ओढू लागला तर सुतळी तुटते. मोकळा घोडा पकडता येतो, उलटा पडून मान मोडलेला घोडा कुणाच्या कामाचा? आणि तो पडतो तेव्हा बहुतेकदा शेजारी माणूस असतो.

गाठ अशी:

१. दोराचं मोकळं टोक सुतळीच्या फेऱ्यातून ओवून आपल्याकडं घ्या.

२. टोकाकडच्या दोराचा एक वेढा करा आणि तो घोड्याकडे जाणाऱ्या दोरावर आडवा धरा.

३. टोक सरळ घालू नका. टोकाकडचा दोर दुमडा आणि दुमडलेला भाग घोड्याच्या दोरामागून आणून वेढ्यातून बाहेर काढा. वीतभर फासा दिसला पाहिजे.

४. घोड्याकडचा दोर ओढून गाठ वर सरकवा. आता मोकळं टोक खेचलं की गाठ एका ओढीत सुटली पाहिजे. सुटते का ते प्रत्येक वेळी करून बघा.

काही घोडे टोक दातात धरून स्वतःच सुटतात. त्यांच्यासाठी टोक फाशातून सैल ओवून ठेवा, सोडताना आधी ते काढायचं एवढं लक्षात ठेवा. गाठ मारताना बोट कड्यात किंवा फाशात घालू नका, घोड्यानं एक झटका दिला तरी बोट तिथंच राहतं.

बांधलेला घोडा मागं ओढायला लागला तर पुढं उभं राहून उलटं ओढू नका, आणि त्याच्या व भिंतीच्या मधे तर नकोच. बाजूनं हात घालून टोक खेचा. हात पोचत नसेल तर दूर व्हा, सुतळीला तिचं काम करू द्या.

चालवत नेणं

घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ चाला. पुढं नको, मागं नको. उजव्या हातात दोर मोरखीपासून वीतभर खाली. उरलेला दोर डाव्या हातात घड्या घालून, मुठीत आडवा धरायचा, घड्या मुठीच्या बाहेर दोन्हीकडं लोंबत्या. हे आठवणीनं करा, कारण बैलवाल्याचा हात आपोआप गोल वेढे घेतो. वेढ्यात बोटं असताना घोडा उधळला की वेढा आवळतो आणि माणूस फरफटत जातो. घडी असेल तर दोर मुठीतून निसटतो. मनगटाला, कमरेला, गळ्याला दोर कधीच नाही, लहान मुलांना तर हे वेगळं बजावून सांगा.

वळवायचा तो उजवीकडं, आपल्यापासून दूर ढकलत. आपल्याकडं वळवला की त्याचा पाय तुमच्या पावलावर येतो. पाय पडलाच तर ओढाताण न करता त्याच्या खांद्याला जोरानं रेटा द्या, वजन पलीकडं गेलं की तो पाय उचलतो.

दारातून जाताना आधी माणूस, मग घोडा, दोघं एकदम नाही. मोकळा सोडताना कुंपणाच्या आत नेऊन त्याचं तोंड फाटकाकडं वळवा, फाटक लावा आणि मगच मोरखी काढून मागं सरा. मोकळं झाल्याच्या आनंदात घोडा गिरकी घेऊन दुगाण्या झाडतो. तोंड मैदानाकडं असेल तर त्या दुगाण्या तुमच्या छातीवर येतात.

खरारा, खूर आणि चारा

ठाणावर शिरताना दार मोकळं आणि आपल्या बाजूला राहील असं बघा. घोडा आणि भिंत यांच्यात सापडू नका. खरारा (अंग घासायचा ब्रश) मानेपासून सुरू करून मागं न्यायचा, एक हात सतत अंगावर. काख, कोखा आणि पोट या गुदगुल्यांच्या जागा, तिथं हलका ब्रश.

खूर उचलताना घोड्याच्या खांद्याशी, शेपटीकडं तोंड करून उभे राहा. हात खांद्यापासून खाली सरकवत घोट्यापर्यंत न्या, किंचित दाबा आणि "पाय" म्हणा. मागच्या पायासाठी हात पुठ्ठ्यावरून खाली. खूर साफ करायची आकडी टाचेकडून टोकाकडं चालवा. मधला त्रिकोणी रबरी भाग नाजूक असतो, तिथं खरडू नका. आणि खाली बसू नका, गुडघा टेकू नका. उकिडवे राहा किंवा वाका, म्हणजे एका क्षणात मागं होता येईल. पावसाळ्यात काळी माती खुरात सिमेंटसारखी बसते, काढायला वेळ लागतो आणि घोडा कंटाळून भार तुमच्या अंगावर टाकतो. पाय मांडीवर पेलू नका, मधे खाली ठेवून परत उचला.

हातानं गाजर-गूळ भरवायची पाहुण्यांना भारी हौस असते. भरवलंत तर तळहात सपाट, बोटं जुळवून, अंगठा चिकटवून. पण खरं तर टोपल्यात टाकणंच बरं. हातातलं खायची सवय लागलेला घोडा खिसे चाचपतो, आणि चाचपताना चावतो. दाणा द्यायच्या वेळी दोन मोकळ्या घोड्यांच्या मधे बादली घेऊन जाणं म्हणजे लाथ मागून घेणं. प्रत्येकाला वेगळा बांधून तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) चढवा किंवा कुंपणाबाहेरूनच टाका.

कडबा किंवा कुटाराच्या ढिगात पावसाळ्यात थेट हात घालू नका. उंदरांमागं नाग, घोणस, मण्यार तिथं येतात. आधी लांब काठीनं ढीग हलवा, रात्री टॉर्च घ्या.

अंगावर काय असावं

हेल्मेट घोडेस्वारीचंच. आत एएसटीएम एफ११६३ किंवा ईएन १३८४ असं मानक छापलेलं असतं. क्रिकेटचं हेल्मेट समोरून येणाऱ्या चेंडूसाठी असतं, डोक्याच्या मागच्या बाजूला ते पुरेसं नाही. बाइकचं जड असतं, शिवाय ऐकू कमी येतं. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, पट्टा हनुवटीखाली लागलेला. एकदा जोरात आपटलं की वरून तडा दिसो न दिसो, बदला. आतला फोम एकदाच दबतो.

बूट बंद, तळ गुळगुळीत, टाच साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून (खोगिराला लोंबणारी, पाय ठेवायची कडी) पार पलीकडं घुसतं आणि पडलेला स्वार लोंबकळत ओढला जातो. चप्पल, क्रॉक्स आणि खोल नक्षीचे स्पोर्ट्स शूज यासाठीच बाद. रिकीब बुटापेक्षा सुमारे अडीच सेंटीमीटर रुंद हवी. लांब ओढणी, लोंबती हेडफोनची वायर, अंगठ्या हे सगळं काढून ठेवा.

तंग आणि मांड

खोगीर घसरून होणारे अपघात जवळजवळ सगळे टाळता येतात, कारण तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, तपासायचा कंटाळा एवढंच त्यांचं कारण असतं. तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. म्हणून तो तीनदा बघायचा: खोगीर घातल्यावर हलका, चढायच्या अगदी आधी, आणि पाच-दहा मिनिटं चालल्यावर परत. तंग आणि अंगाच्या मधे दोन बोटं कशीबशी जातील इतका. त्याच वेळी रिकिबीच्या वाद्यांची शिवणही बघा. उन्हाळ्यात आपल्याकडं चामडं कडक होऊन बक्कलजवळच तडकतं.

चढताना ओटा किंवा भक्कम स्टूल वापरा, दुसऱ्यानं घोडा धरलेला असावा. उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, मगच पाय पलटवा. एक पाय अडकलेला ठेवून उतरणं ही बऱ्याच जुन्या स्वारांची खोड आहे, नवशिक्यांनी त्यांच्याकडून ती उचलू नये.

घोडा भरधाव सुटू लागला तर ओरडू नका, पुढं झुकू नका. दोन्ही लगाम एकसारखे ओढून धरले की घोडा त्याच्यावरच रेलून पळतो. मागं बसा, एक हात आयाळीशी टेकवा आणि दुसऱ्या लगामानं ओढा-सोडा, ओढा-सोडा करत मोठ्या वर्तुळात वळवा, वर्तुळ हळूहळू लहान करा. पूर्ण वेगात एकदम मान वळवलीत तर घोडा अंगावर पडतो.

वावरात आणि रस्त्यावर

रिंगणात शहाणा असलेला घोडा बाहेर वेगळा असतो. तुरीच्या वावराच्या कडेनं जाताना रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर फुटलं की घोडा जागच्या जागी दोन मीटर बाजूला उडतो. तिथं दुडकीसुद्धा नको, चाल पुरे. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची (विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) तार संध्याकाळी दिसत नाही, म्हणून धुऱ्याच्या (वावराच्या बांधाच्या) अगदी जवळून जाऊ नका आणि वाट आधी पायी बघून ठेवा. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, काही ठिकाणी आख्खा खूर जाईल एवढ्या. अशा जमिनीवर घोडा पळवणं म्हणजे त्याचा पाय आणि आपली मान पणाला लावणं. पावसात तीच माती साबणासारखी होते.

चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. रपेट पहाटे साडेपाच ते साडेसात, नंतर नाही. थकलेला घोडा ठेचकाळतो आणि ठेचकाळलेला घोडा स्वाराला पुढं फेकतो.

एकापाठोपाठ जाताना एका घोड्याचं अंतर ठेवा, आपल्या घोड्याच्या कानांच्या मधून पुढच्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधून तो सगळ्यात मागं ठेवा. रस्त्यावर घोडा पायी नेताना डाव्या कडेनं, आणि वाहनं व घोडा यांच्या मधे तुम्ही. इथं तुम्हाला त्याच्या उजव्या बाजूला चालावं लागतं, तर त्याची सवय पागेतच करून घ्या. कापसानं भरलेली ट्रॉली, तिची फडफडणारी ताडपत्री, हे नोव्हेंबरपासूनचं ठरलेलं संकट. घोड्याचं तोंड ट्रॉलीकडं वळवून उभे राहा, त्याला ती दिसू द्या.

लग्नसराईत बऱ्याच पागांची घोडी वरातीला जाते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा, दोर दोघांच्या हातात. मोजडीला टाच नसते, त्यामुळे नवरदेवाच्या पायाचा फक्त चवडा रिकिबीत असू द्या. पुढं लहान पोर बसवायचं असेल तर ते धरायला तिसरा माणूस. डीजेची गाडी आणि घोडी यांच्यात नाचणारी गर्दी आली की घोडीला पळायला वाट उरत नाही, म्हणून तिच्या एका बाजूला मोकळी जागा राहील असं आधीच ठरवा. फटाके घोडी पुढं निघून गेल्यावर.

लागलंच तर

पडलेला माणूस मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या असतील, तर हलवू नका, हेल्मेट काढू नका, १०८ ला फोन करा. आधी घोडा कुणीतरी दूर न्यावा, मग माणसाजवळ जावं. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी परत चढणं नाही, आणि पुढचे एक-दोन दिवस घरात कुणीतरी लक्ष ठेवावं: उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, जास्त झोप दिसली की लगेच दवाखाना. पोटावर लाथ बसली आणि वरून फक्त वळ दिसतोय म्हणून घरी बसू नका. प्लीहा किंवा यकृत फाटलं तरी सुरुवातीला माणूस चालता-बोलता असतो. पोट कडक होणं, डावा खांदा विनाकारण दुखणं, चक्कर, लघवीत रक्त, ही धोक्याची चिन्हं.

लीद आणि माती यांच्यात धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून छोट्या जखमेलाही इंजेक्शनची तारीख तपासा. चावा असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण पिसाळलेलं कुत्रं घोड्यालाही चावतं.

घोड्याच्या नाकातून घट्ट, चिकट पू येत असेल, अंगावर गाठी फुटत असतील, ताप असेल, तर ग्लँडर्सची शंका घ्या. हा रोग माणसाला होतो. त्या घोड्याला वेगळं बांधा, त्याची बादली आणि खरारा दुसऱ्याला वापरू नका, हातमोजे आणि मास्कशिवाय जवळ जाऊ नका आणि सरकारी पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली ही माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. रक्ताच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत ना रपेट, ना वरात, ना तो घोडा गावाबाहेर.